वृद्धांच्या दारापर्यंत : कोलकात्याचा अनुभव

माणूस जन्मतो, वाढतो आणि वृद्ध होतो, हे आपण सर्वजण जाणतो. समाजही वृद्ध होतो, ही गोष्ट मात्र सहजासहजी आपल्या लक्षात येत नाही. एखाद्या समाजात साठ वर्षांवरील माणसांचे प्रमाण वर्षानुवर्षे वाढत गेले आणि बालकांचे प्रमाण घटत गेले, म्हणजे तो समाज वृद्ध होऊ लागला, असे लोकसंख्याशास्त्राचे अभ्यासक म्हणतात. स्वातंत्र्य मिळाले त्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान अवघे बत्तीस वर्षांच्या आसपास होते. त्या काळी कोणी म्हातारे होतच नव्हते, असा याचा अर्थ नव्हे. बालमृत्यूंचे प्रमाण फार असल्यामुळे सरासरी खाली येत असे. आज हेच आयुर्मान सत्तरीच्या घरात पोहोचले आहे. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटी ३८ लाख, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के इतकी भरली. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के, तर केरळात १२.६ टक्के होते. २०३६ पर्यंत देशातील ज्येष्ठांची संख्या सुमारे २३ कोटी होईल, असा शासनाच्या तज्ज्ञ गटाचा अंदाज आहे. म्हातारपण नवे नाही. इतक्या मोठ्या संख्येने ते एकाच वेळी येणे नवे आहे, आणि त्यासाठी लागणारी व्यवस्था आपल्याकडे अद्याप पुरती उभी राहिलेली नाही.

प्रस्तुत पाठात आपण या प्रश्नाचा विचार कोलकाता या एका शहराच्या आधारे करणार आहोत. पुण्यामुंबईच्या काही जुन्या वसाहतींत आज जे दिसू लागले आहे, त्याचे ठळक रूप या शहरात पाहावयास मिळते, म्हणून ही निवड केली आहे.

पश्चिम बंगालमध्ये जननदर झपाट्याने खाली आला. एका स्त्रीला तिच्या आयुष्यात सरासरी किती मुले होतात, यावरून जननदर मोजतात. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ च्या आसपास असावा लागतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पश्चिम बंगालचा जननदर १.६ आढळला. कोलकाता शहराची स्थिती तर याहून बोलकी आहे. २००१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ४५ लाख ७३ हजार होती. २०११ मध्ये ती ४४ लाख ९७ हजारांवर आली. देशातील बहुतेक महानगरे फुगत असताना हे महानगर किंचित आकसले. मुले कमी झाली हे याचे एक कारण, आणि जी झाली ती मोठी होऊन शहराबाहेर गेली हे दुसरे. १९११ पर्यंत कोलकाता ही ब्रिटिश हिंदुस्थानची राजधानी होती. गिरण्या, कारखाने आणि व्यापारी पेढ्या यांमुळे स्वातंत्र्यानंतरही काही काळ तिथे रोजगार मुबलक होता. साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून उद्योगांना उतरती कळा लागली. शिक्षणाची परंपरा मात्र टिकून राहिली, आणि त्यामुळे शिकलेल्या मुलांनी बंगळूरु, हैदराबाद, पुणे किंवा परदेश गाठावा, हा जणू मध्यमवर्गाचा शिरस्ताच झाला.

मागे राहिली ती घरे आणि आईवडील. दक्षिण कोलकात्यातील विजयगड, नेताजीनगर यांसारख्या वसाहती फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी स्वतः वसवल्या. पूर्वेकडील खाऱ्या पाण्याची दलदल भरून उभारलेल्या सॉल्ट लेक उपनगरात, म्हणजे आजच्या विधाननगरात, नोकरदारांनी निवृत्तीच्या वेळची पुंजी घालून दुमजली घरे बांधली. मुलासुनांचा वरचा मजला आणि आपला खालचा, असा त्यामागचा हिशोब असे. आज अशा कित्येक घरांत दोन म्हातारी माणसे किंवा एकटी म्हातारी राहते आणि वरच्या मजल्याला कुलूप असते. उत्तर कोलकात्यातील जुन्या वाड्यांची गोष्ट थोडी निराळी. तिथे चौक आहे, मोठा सोपा आहे, पण जिने उंच आणि अंधारे आहेत. गुडघे धरलेल्या माणसाला दुसऱ्या मजल्यावरून खाली उतरणे म्हणजे दिवसभराचे काम होऊन बसते.

या शहरात एकाकीपणावर एक जुना उतारा होता. त्याचे नाव ‘पाडा’. मराठीत पाडा म्हणजे आदिवासी वस्ती. बंगालीत मात्र हा शब्द आपल्या ‘आळी’ किंवा ‘पेठ’ या अर्थाने वापरतात. घराबाहेरच्या ओट्याला तिथे ‘रोयाक’ म्हणतात. संध्याकाळी रोयाकवर बसून तासन् तास गप्पा मारणे हा कोलकात्याच्या जीवनाचा भाग होता. शेजारच्या वृद्ध स्त्रीला सारी आळी ‘मासीमा’ म्हणे, आणि मासीमा दोन दिवस खिडकीत दिसल्या नाहीत तर कोणीतरी कडी वाजवून पाही. जुनी घरे पाडून त्या जागी सदनिकांच्या इमारती उभ्या राहू लागल्या, तसतसे हे ओटे नाहीसे झाले. बंद दाराआडच्या माणसाचे काय चालले आहे हे कळण्याचा मार्गच त्यामुळे खुंटला.

एकट्या पडलेल्या वृद्धांना आधार देण्याचे प्रयत्न या शहरात पूर्वीही झाले. ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ या ख्रिस्ती भगिनीसंघाने १८८२ मध्ये कोलकात्यात निराधार वृद्धांसाठी घर उघडले. या संघाची स्थापना करणाऱ्या फ्रान्समधील जान जुगाँ या बाईंनी १८३९ मध्ये एका अंध वृद्धेला आपल्या घरी आणून स्वतःची खाट दिली आणि तेथून या कार्यास प्रारंभ झाला. कालीघाटच्या मंदिरालगत यात्रेकरूंसाठी असलेल्या इमारतीत मदर तेरेसा यांनी १९५२ मध्ये ‘निर्मल हृदय’ सुरू केले, तेही रस्त्यावर मरणाची वाट पाहणाऱ्यांना निदान अखेरचे दिवस छपराखाली मिळावेत म्हणून. हिंदू समाजात मात्र बराच काळ निराळीच वाट रूढ होती. वृद्ध विधवेला काशीला किंवा वृंदावनाला धाडून द्यायचे, दरमहा काही पैसे पाठवायचे, आणि पुढे कधीतरी तेही थांबायचे. विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा ज्यांच्या प्रयत्नांनी झाला ते ईश्वरचंद्र विद्यासागर याच शहरात वावरले, आणि महर्षी कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी आश्रमाचे काम आरंभिले, हे आपणांस ठाऊक आहेच. या सुधारणांचा लाभ मुख्यतः तरुण विधवांना झाला. म्हाताऱ्या विधवेचा प्रश्न फारसा कोणाच्या नजरेत भरला नाही. वृंदावनातील विधवांमध्ये बंगाली स्त्रियांची संख्या आजही लक्षणीय आहे.

आपण ज्याला वृद्धाश्रम म्हणतो, तो मध्यमवर्गीयांनी पैसे भरून राहावयाचा आश्रम ही अलीकडची गोष्ट होय. सारा लॅम्ब या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कोलकात्यातील अशा आश्रमांत वारंवार जाऊन तेथील रहिवाशांशी संवाद साधला आणि २००९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. वृद्धाश्रम हे पाश्चात्त्यांचे अनुकरण असून कुटुंब मोडल्याचे लक्षण आहे, असे तेथील काहींना वाटत होते. इतर काहींनी मात्र आश्रमवासाची सांगड वानप्रस्थाशी घातली होती. आपल्याकडेही वृद्धाश्रमाचा विषय निघाला की मुलांच्या कृतघ्नतेवर बोलून लोक मोकळे होतात. वस्तुस्थिती अशी की बहुसंख्य वृद्धांना आपले घर सोडायचे नसते, आणि सोडायचे ठरवले तरी पुरेसे आश्रम नाहीत. तेव्हा सेवा आश्रमापुरती मर्यादित ठेवून चालणार नाही. ती त्यांच्या घरापर्यंत नेली पाहिजे, आणि संकट येण्याच्या आधी नेली पाहिजे.

या दृष्टीने कोलकाता पोलिसांचा ‘प्रणाम’ हा उपक्रम अभ्यासण्याजोगा आहे. ‘द बेंगॉल’ या स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने तो २००९ मध्ये सुरू झाला. त्याच्या नावामागे बंगाली माणसाला सहज उमगणारा संकेत आहे. दुर्गापूजेची सांगता झाली, मूर्तीचे विसर्जन झाले, की विजयादशमीपासून पुढे काही दिवस तरुण मंडळी घरोघर जाऊन वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात, आणि वडीलधारी माणसे त्यांच्या हातावर मिठाई ठेवतात. आपल्याकडे दसऱ्याला आपट्याची पाने आणि संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाण्याची चाल आहे, तशीच ही. वर्षातून एकदा का होईना, म्हाताऱ्या माणसाचे दार वाजावे अशी सोय या चालीने करून ठेवली होती. तेच दार वाजवण्याचे काम आता पोलीस ठाण्याकडे आले.

उपक्रमाची रीत साधी आहे. एकटे किंवा केवळ वृद्ध जोडीदारासह राहणारे ज्येष्ठ नागरिक आपल्या भागातील ठाण्यात नाव नोंदवतात. ठाण्यातील कर्मचारी त्यांच्याशी दूरध्वनीवरून संपर्क ठेवतात, अधूनमधून घरी जाऊन विचारपूस करतात. आजारपणात रुग्णवाहिका व रुग्णालय मिळवून देणे, घरमालक-भाडेकरू किंवा मालमत्तेच्या तंट्यात सल्ला देणे, सणावारी एकत्र कार्यक्रम करणे हीदेखील या उपक्रमाची अंगे आहेत. २०२० च्या टाळेबंदीत ज्येष्ठांच्या घरी औषधे पोहोचवण्याचे काम पोलिसांनी केले. शेजारच्या विधाननगर आयुक्तालयाने असाच उपक्रम चालवला, त्याचे नाव ‘सांझबाती’. मराठी वाचकाला त्यात आपली सांजवात ओळखू येईल.

नाव नोंदवण्याने असे काय साधते, असा प्रश्न कोणी विचारील. समजा, एक पंचाहत्तर वर्षांच्या बाई पहाटे न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. त्यांचे मांडीचे हाड मोडले आहे. फोन दुसऱ्या खोलीत आहे. दाराला आतून कडी आहे. मुलगा परदेशात, तिथे रात्र आहे. अशा वेळी वैद्यकीय ज्ञानाची गरज नंतर भासते. आधी हवा असतो कोणीतरी दुसरी किल्ली जवळ असलेला माणूस. त्यांना कोणते आजार आहेत, कोणत्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टर कोण, नातेवाइकांचा क्रमांक काय, हे आयत्या वेळी शोधता येत नाही. हाड मोडलेला वृद्ध रुग्ण जितके तास जमिनीवर पडून राहतो, तितकी त्याची बरे होण्याची आशा मावळत जाते. म्हणूनच नोंदवही ही अशा सेवेत केवळ कारकुनी बाब राहत नाही. ती ज्या ठाण्यात जपली जाते आणि वरचेवर तपासली जाते, तेथे सेवा आहे. ती ज्या ठाण्यात कपाटात पडून असते, तेथे केवळ योजनेचा फलक आहे.

या उपक्रमाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पोलिसांची हद्द ही प्रशासनाची रेषा असते आणि म्हातारपण त्या रेषा पाहून येत नाही. उपक्रम सुरू झाला तेव्हा जादवपूर, बेहाला हे मोठे भाग कोलकाता पोलिसांच्या हद्दीतच नव्हते. ते २०११ मध्ये हद्दीत आले. ज्याला अर्ज भरता येतो, ज्याच्याकडे फोन आहे, जो ठाण्याची पायरी निःसंकोचपणे चढतो, त्यालाच नाव नोंदवणे सोपे जाते. निवृत्त प्राध्यापकाला पोलीस ठाणे वाटते तसे ते झोपडपट्टीतील वृद्ध हमालाला वाटत नाही. आणखी असे की पोलिसांचे पहिले काम सुरक्षेचे. एकट्या वृद्धांच्या घरी चोरी व खून झाल्याच्या घटना या शहरात घडलेल्या आहेत, त्यामुळे तो विषय अग्रभागी राहणे स्वाभाविक आहे. परंतु विस्मरण, बद्धकोष्ठता, झोप न येणे, बँकेतील सही न जुळणे, या रोजच्या अडचणींसाठी ठाण्यात फोन करणे कोणालाही प्रशस्त वाटणार नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ज्येष्ठांसाठी १४५६७ ही देशव्यापी मदतवाहिनी सुरू केली, ती अशा चौकशांसाठीही आहे.

आता कायद्याकडे वळू. १९९९ मध्ये केंद्र सरकारने ज्येष्ठ नागरिकांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले. त्यानंतर २००७ मध्ये आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम संमत झाला. स्वतःच्या मिळकतीतून उदरनिर्वाह करू न शकणारे आईवडील मुलांकडून चरितार्थाची रक्कम मागू शकतात. अपत्य नसलेल्या ज्येष्ठ नागरिकाला, त्याची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा वारशाने जाणार आहे त्याच्याकडे ती मागता येते. यासाठी दिवाणी न्यायालयात वर्षे घालवावी लागत नाहीत. उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी ज्याचा प्रमुख असतो, अशा न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. वृद्ध व्यक्ती स्वतः येऊ शकत नसेल तर तिच्या वतीने दुसरी व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते, आणि नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल व्हावा अशी अपेक्षा आहे. २००७ च्या कायद्यात या रकमेची कमाल मर्यादा दरमहा दहा हजार रुपये ठेवलेली होती.

या कायद्याचे तेविसावे कलम मराठी वाचकाला विशेष जवळचे वाटावे. वि. वा. शिरवाडकर यांचे ‘नटसम्राट’ हे नाटक १९७० मध्ये रंगभूमीवर आले. निवृत्त होताना आपली सारी मिळकत मुलांना वाटून देणारे गणपतराव बेलवलकर पुढे त्यांच्याच घरात कसे नकोसे होतात, ही त्याची कथा. आज एखाद्या गणपतरावांनी मुलाला घर देताना ‘माझा सांभाळ करावा’ अशी अट घातली आणि मुलाने ती मोडली, तर या कलमान्वये ते हस्तांतरण रद्द ठरवता येते. अट दस्तऐवजात असणे महत्त्वाचे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या एका निकालात स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मधील दुसऱ्या निकालात, हस्तांतरण रद्द झाल्यावर ताबा वृद्धाला परत देण्याचा आदेशही न्यायाधिकरण देऊ शकते, असे न्यायालयाने म्हटले. बक्षीसपत्रावर सही करण्यापूर्वी ही एक ओळ त्यात लिहून घेण्यास काहीही खर्च येत नाही. आपल्याकडे मुलांपुढे अशी अट घालणे संकोचाचे वाटते, आणि त्या संकोचाची किंमत पुढे मोजावी लागते.

याच कायद्यातील एकोणिसाव्या कलमात भाषेच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असा एक शब्द आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा निदान एक आश्रम, येथून आरंभ करून राज्य सरकार वृद्धाश्रम स्थापन ‘करू शकेल’, असे त्यात म्हटले आहे. ‘करील’ असे म्हटलेले नाही. एका क्रियापदाच्या रूपातील या फरकामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतील आश्रमांची उभारणी हे सरकारचे बंधन न राहता त्याच्या इच्छेचा विषय बनली. रुग्णालयांविषयीच्या विसाव्या कलमात बंधनकारक शब्द आहेत. सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र रांग असावी आणि शक्य तोवर खाटा उपलब्ध असाव्यात, असे ते कलम सांगते. ‘शक्य तोवर’ या दोन शब्दांनी मात्र तेथेही एक दार उघडे राहिले आहे.

आजाराच्या खर्चाचा भार हलका करण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देऊ केले. पश्चिम बंगाल तेव्हा या योजनेत सहभागी नव्हते; तेथे राज्याची स्वतःची योजना चालू होती. केंद्र-राज्य मतभेदांत वृद्ध रुग्णाने कोणते कार्ड कोठे दाखवावे हा गोंधळ होतो, तो वेगळाच. शिवाय अशा योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच कामी येतात. वृद्धांची बहुतेक दुखणी घरात, अंथरुणावर आणि वर्षानुवर्षे चालणारी असतात. देशात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंशाचा विकार असावा, असा अंदाज अभ्यासकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. अशा रुग्णाला रुग्णालयातील खाट फारशी उपयोगी पडत नाही. त्याला दिवसभर सोबत लागते.

ती सोबत कोलकात्यात कोण करते? तिला तेथे ‘आया’ म्हणतात. हा शब्द मूळ पोर्तुगीज. गोऱ्यांची मुले सांभाळणाऱ्या देशी बाईसाठी तो रूढ झाला आणि आता म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बाईला चिकटला आहे. घरातील माणसे तिला ‘मासी’, म्हणजे मावशी, अशी हाक मारतात. शहरात जागोजागी ‘आया सेंटर’ असतात. फोन केला की केंद्रचालक बाई पाठवतो आणि तिच्या रोजातून आपला हिस्सा घेतो. काम बारा तासांच्या पाळीचे, दिवसपाळी किंवा रातपाळी. अनेक जणी कॅनिंग, बारुईपूर, लक्ष्मीकांतपूर या बाजूच्या खेड्यांतून पहाटेच्या लोकलगाड्यांनी येतात आणि ढाकुरिया, बालीगंज, जादवपूर या स्थानकांवर उतरून आपापल्या घरांकडे पांगतात.

या कामाला कौशल्य लागत नाही, असा एक समज आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर पाठीला व माकडहाडाला जखमा होतात आणि त्या चिघळतात. पक्षाघात झालेल्याला पाणी पाजताना मान किंचित पुढे ठेवावी लागते, अन्यथा पाणी श्वासनलिकेत जाते. लघवीची नळी स्वच्छ ठेवावी लागते. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा ‘मला घरी जायचे आहे’ असे आपल्याच घरात बसून दहाव्यांदा म्हणतात, तेव्हा त्यांच्याशी वाद न घालता त्यांना दुसऱ्या गोष्टीत गुंतवावे लागते. हे सारे शिकवता येते. १९८८ मध्ये स्थापन झालेली ‘कलकत्ता मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूट ऑफ जेरॉन्टॉलॉजी’ ही संस्था वृद्धांच्या प्रश्नांवर काम करते आणि शुश्रूषेचे प्रशिक्षणही देते. परंतु शिकलेल्या आणि न शिकलेल्या बाईच्या रोजात घरवाले फारसा फरक करत नाहीत, तोवर शिकण्यासाठी आठवडे खर्च करणे गरीब बाईला परवडणार कसे?

येथे जपानचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. एप्रिल २००० मध्ये त्या देशाने दीर्घकालीन शुश्रूषेचा सार्वजनिक विमा सुरू केला. चाळीस वर्षांवरील प्रत्येक नागरिक त्यासाठी हप्ता भरतो. वृद्ध व्यक्तीला किती मदतीची गरज आहे हे तपासून तिची पातळी ठरवली जाते, आणि त्यानुसार घरी येणाऱ्या प्रशिक्षित सेविकेचा बहुतेक खर्च विमा उचलतो. आरंभी वृद्धाला खर्चाचा दहावा हिस्सा द्यावा लागे. जपान आपल्याहून किती तरी श्रीमंत आहे, हे खरे. पण मुद्दा श्रीमंतीपुरता नाही. तेथे शुश्रूषा हे मोबदल्याचे आणि प्रशिक्षणाचे काम आहे, हे मान्य केले गेले. आपल्याकडे ती सून, मुलगी किंवा आया यांच्याकडून गृहीत धरली जाते. सुरक्षेच्या दृष्टीने घरकामगारांची माहिती ठाण्यात द्यावी, असे पोलीस सांगतात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र त्याच बाईला ठरलेला रोज मिळतो की नाही, सुट्टी मिळते की नाही, हे विचारणारा अर्ज कोणत्याही ठाण्यात मिळत नाही.

महाराष्ट्राने घरकामगारांच्या कल्याणकारी मंडळासाठी २००८ मध्ये कायदा केला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरकामगारांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायद्याचा विचार करण्यास समिती नेमावी, असे केंद्र सरकारला सांगितले. आपल्यापैकी काही विद्यार्थी स्वतः अशा कामात असतील, किंवा त्यांची आई, बहीण असेल. त्यांच्यासाठी पुढची बाब जाणून घेणे अगत्याचे आहे.

असंघटित क्षेत्रातील श्रमिकांसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन’ ही निवृत्तिवेतन योजना आणली. मासिक उत्पन्न पंधरा हजार रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराने वयानुसार दरमहा ५५ ते २०० रुपये भरायचे, तितकीच रक्कम सरकारने घालायची, आणि साठीनंतर त्याला दरमहा तीन हजार रुपये मिळायचे, अशी तिची रचना आहे. प्रवेशाचे वय अठरा ते चाळीस. आयाच्या कामात बाई बहुधा उशिरा येते. मुले थोडी मोठी झाल्यावर, नवरा गेल्यावर किंवा त्याचे काम सुटल्यावर ती लोकल पकडू लागते, आणि तोवर तिने पुष्कळदा चाळिशी ओलांडलेली असते. अशा बाईला या योजनेचे दार बंद आहे. मग उरते ते दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी असलेले इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन. त्यात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वर्षांपर्यंत दरमहा दोनशे रुपये, आणि ऐंशीनंतर पाचशे रुपये, असा ठरवला गेला. राज्ये त्यात आपापल्या ऐपतीनुसार भर घालतात. महाराष्ट्रात श्रावणबाळ योजनेखालील एकूण रक्कम २०२३ मध्ये दीड हजार रुपये झाली. या योजनांसाठी वयाचा दाखला लागतो, आणि कधीही शाळेत न गेलेल्या बाईजवळ तो बहुधा नसतो. मतदार ओळखपत्रावरील किंवा आधार कार्डावरील जन्मवर्ष अंदाजाने लिहिलेले असेल, तर तिची साठी कागदावर पाच-सात वर्षे उशिराही उगवू शकते. दुसऱ्याचे म्हातारपण निभावून नेणाऱ्या बाईने, अंगात बळ आहे तोवरच, आपल्या कागदावरील हे वर्ष एकदा वाचून घ्यावे आणि चुकीचे असल्यास दुरुस्त करून घ्यावे.